नोटीस घेणारे हात

(प्रस्तावना)

1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत समन्स बजावण्याचा एक नियम होता. ज्याच्यावर दावा लागला आहे तो घरी सापडला नाही, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या एखाद्या प्रौढ पुरुषाच्या हाती समन्स द्यावं, असं तो सांगत असे. बेलिफ भरदुपारी चाळीत यायचा तेव्हा घरात बाई असायची. पण कायद्याच्या लेखी त्या घरात कुणीच नव्हतं. 1976 साली संहिता दुरुस्त झाली आणि प्रौढ सदस्य पुरुष असो वा स्त्री, समन्स त्याच्या हाती देता येईल असं ठरलं. त्याच वर्षी 42व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम 39-अ घातलं गेलं: पैशाअभावी कुणाला न्याय नाकारला जाऊ नये म्हणून राज्याने मोफत कायदेविषयक मदत पुरवावी. हे दोन बदल करणाऱ्यांच्या मनात एकमेकांचा विचार असण्याचं कारण नव्हतं. पण भाडेकरूंना घर कसं सोडावं लागतं आणि ते कसं टाळता येतं, याचा शोध घेणाऱ्याला ते शेजारी शेजारी ठेवूनच पाहावे लागतात. एकाने नोटीस बाईच्या हातात दिली, दुसऱ्याने तिच्या पाठीशी वकील उभा करायचं वचन दिलं.

ते वचन प्रत्यक्षात यायला बरीच वर्षं गेली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 साली संमत झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. त्याच्या कलम 12 मध्ये मोफत मदत कुणाला मिळेल याची यादी आहे आणि त्या यादीत 'स्त्री' हा शब्द कोणत्याही उत्पन्नाच्या अटीशिवाय आहे. तिचा पगार किती, नवरा काय कमावतो, माहेर कसं आहे, यातलं काही तिथे आड येत नाही. दाव्यात सकृद्दर्शनी तथ्य असलं की पुरे. आपल्या कायद्यांत बाईला इतक्या सरळ शब्दांत दिलेले हक्क फार थोडे आहेत.

आणि तरीही घरभाड्याची पावती पुरुषाच्या नावावर असते. सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या, कधी वारलेल्या आजेसासऱ्यांच्याही. पावत्यांची पिशवी कपाटात जपून ठेवते ती बाई, मालकाचा माणूस भाडं घ्यायला आला की पैसे मोजते ती बाई, गळक्या छताबद्दल मालकाशी भांडते तीही बाई. दाव्यात प्रतिवादी मात्र दुसराच कुणी. वकील मिळण्याचा हक्क तिच्या नावावर आणि घर दुसऱ्याच्या नावावर, ही विसंगती मला या विषयाच्या मुळाशी दिसते. या पुस्तकाकडेही मी त्याच नजरेने पाहते.

भाडेकरूंच्या लढ्याचा इतिहास पाहिला तर बायका त्यात पहिल्यापासून, आणि पुढच्याच रांगेत, आहेत. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये 1907च्या अखेरीस भाडेबंदीचं मोठं आंदोलन झालं. त्याच्या अग्रभागी पॉलिन न्यूमन ही शिवणकारखान्यात राबणारी तरुणी होती आणि सुमारे 10,000 कुटुंबं त्यात उतरली, असं सांगितलं जातं. पण मराठी वाचकाने जास्त वेळ थांबावं ते 1915च्या ग्लासगोपाशी, कारण तिथून एक धागा थेट मुंबईत येतो.

पहिलं महायुद्ध सुरू होतं. जहाजं आणि दारूगोळा बनवायला हजारो कामगार ग्लासगोत येत होते, घरं तेवढीच होती आणि मालकांनी भाडी वाढवली. पुरुष एक तर आघाडीवर, नाही तर कारखान्यात. गोवन भागात मेरी बार्बर या बाईने शेजारणींना जमवून भाडेवाढ न देण्याचं ठरवलं. ताबा घ्यायला शेरीफचा माणूस येताना दिसला की एखादी बाई घंटा वाजवायची, जिन्याजिन्यातून बायका धावत यायच्या, पिठाचे पुडे अंगावर फेकून त्याला परत पाठवायच्या. नोव्हेंबरपर्यंत सुमारे 20,000 कुटुंबांनी वाढीव भाडं देणं थांबवलं होतं. 17 नोव्हेंबर 1915 रोजी 18 भाडेकरूंना कोर्टात बोलावलं, तेव्हा हजारोंचा जमाव कोर्टाबाहेर उभा राहिला. दावे मागे घेतले गेले आणि वर्ष संपायच्या आत ब्रिटिश पार्लमेंटने भाडी युद्धापूर्वीच्या पातळीवर गोठवणारा कायदा केला. मेरी बार्बर पुढे 1920 साली ग्लासगोच्या नगरपालिकेवर निवडून आल्या.

तीन वर्षांनी, 1918 मध्ये, मुंबईत भाडं नियंत्रणाचा पहिला कायदा आला. युद्धकाळात निर्बंध घालण्याची त्याची चौकट ग्लासगोच्या लढ्यातून जन्मलेल्या कायद्यासारखीच होती. मध्ये खंड पडला, 1939 मध्ये नवा कायदा झाला, मग 1947चा मुंबई भाडे कायदा आणि अखेर 31 मार्च 2000 पासून लागू झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. गिरगाव-परळच्या चाळींना ज्या संरक्षणाने शतकभर आधार दिला, त्याच्या पूर्वजांत ग्लासगोच्या जिन्यांवरल्या बायका आहेत, हे आपल्या भाडेकरू चळवळीच्या लेखनात क्वचितच येतं.

कायदा करवून घेणं एक आणि कोर्टात तो चालवून घेणं दुसरं. त्या दुसऱ्या कामासाठी बाईला आधी कोर्टाचं दार उघडावं लागलं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला 1892 मध्ये कायद्याची परीक्षा दिली. वकील म्हणून नाव लागायला त्यांना जवळजवळ तीस वर्षं थांबावं लागलं. मधल्या काळात त्यांनी बंगालमध्ये पडद्यातल्या स्त्रियांच्या मालमत्तेची प्रकरणं सांभाळली. ज्या बायका कोर्टात येऊ शकत नव्हत्या त्यांच्यापर्यंत कायदा घरी नेऊन पोहोचवणं, हे आजच्या विधी साहाय्याचं मूळ काम त्या तेव्हाच करत होत्या. 1923च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीची मोकळीक मिळाली आणि मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. 1924 मध्ये मुंबईत लीगल एड सोसायटी स्थापन झाली. पन्नासेक वर्षांनी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती भगवती यांच्या समित्यांनी मोफत मदतीची दिशा आखून दिली.

घर वाचवण्याच्या या कामात नंतर वेगवेगळे प्रवाह तयार झाले. नव्या वाचकाला ते ओळखता यावेत, म्हणून त्यांच्याविषयी थोडं सविस्तर.

पहिला प्रवाह संघटनेचा. मुंबईत त्याचं ठळक उदाहरण मृणाल गोरे. पाण्याच्या आंदोलनाने त्या घराघरात पोहोचल्या आणि गोरेगावात नागरी निवारा परिषदेच्या कामातून घरांच्या प्रश्नालाही भिडल्या. दुसरा प्रवाह घटनात्मक दाव्यांचा. 1981च्या पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला सुरुवात झाली तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अर्जदारांच्या बाजूने इंदिरा जयसिंग उभ्या राहिल्या. 1985च्या निकालात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात सामावला गेला. झोपड्या हटवण्याला मात्र न्यायालयाने पूर्ण मनाई केली नाही. फक्त पावसाळा जाऊ द्या, असं सांगितलं. तत्त्व मोठं आणि हाती आलेला दिलासा लहान, हा अनुभव या प्रवाहाला वारंवार आला आहे. त्याच सुमारास भायखळा-नागपाड्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी 'स्पार्क' या संस्थेच्या सोबतीने महिला मिलन उभं केलं. आपापल्या वस्तीची मोजणी करणं, बचत करणं आणि महापालिकेशी स्वतः बोलणं हा त्यांचा मार्ग होता. त्या भाडेकरू नव्हत्या. पण घराची कागदपत्रं हेच बाईचं हत्यार, हे त्यांनी साऱ्या शहराला दाखवून दिलं.

तिसरा प्रवाह घराच्या आतल्या घराचा. मालक बाहेरून काढतो तसा नवरा आतून काढतो, आणि कधी दोघं मिळून काढतात, हे लॉयर्स कलेक्टिव्ह आणि मजलिससारख्या संस्थांमधल्या स्त्री वकिलांनी वर्षानुवर्षं मांडलं. चौथा प्रवाह सगळ्यात शांत आणि मला वाटतं सगळ्यात गरजेचा: कोर्टात जायच्या आधीचं काम. नोटीस वाचणं, दिवस मोजणं, उत्तर लिहिणं, मालकाशी बोलणं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2009 मध्ये परिविधी स्वयंसेवकांची योजना आणली आणि या कामाला थोडी अधिकृत मान्यता मिळाली. प्रत्यक्षात ते वस्तीतल्या अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या ताई, चाळ कमिटीतल्या काकू आधीपासूनच करत होत्या.

हे आधीचं काम इतकं महत्त्वाचं का, हे कायद्यात शिरल्याशिवाय कळत नाही. म्हणून दोन-तीन कलमांपाशी थांबते.

जुन्या पागडीच्या खोलीत राहणाऱ्याने भाडं थकवलं तर मालकाला थेट दावा लावता येत नाही. आधी लेखी नोटीस, मग 90 दिवस. त्यानंतर दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी, वर 15 टक्के सरळ व्याज आणि ठरलेला खर्च कोर्टात भरला आणि पुढचं भाडं भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणाने ताब्याचा हुकूमनामा होऊ शकत नाही. म्हणजे कायदा दोनदा संधी देतो. ही मुदत बहुतेक वेळा कुणी कोर्टात हरत नाही; ती घरातच हरवते. नोटीस फ्रिजवर पडून राहते, नवरा 'बघतो' म्हणतो, पैसे जमवायला वेळ जातो. आणि जिने नोटीस घेतली तिला, आपण विधी सेवा केंद्रात जाऊन विचारू शकतो, हे कुणी सांगितलेलं नसतं.

लिव्ह अँड लायसन्सच्या घरात ही घाई आणखी वाढते. अकरा महिन्यांचा करार संपला की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मिळवली नाही, तर राहणाऱ्याला विरोधच करता येत नाही. वर करार संपल्यानंतर राहिलेल्या दिवसांचं दुप्पट भाडं भरपाई म्हणून द्यावं लागतं. 30 दिवस म्हणजे एका पगारापासून दुसऱ्या पगारापर्यंतचा काळ. तेवढ्यात वकील शोधून, कागद जमवून, प्रतिज्ञापत्र करून आणायचं. इथे मोफत वकिलाचा अर्ज दहा दिवस कुठे अडकला, तर तो वकील मिळूनही उपयोग नाही. विधी साहाय्याच्या यशाचं मोजमाप किती वकील नेमले यावरून न करता ते कितव्या दिवशी नेमले यावरून व्हावं, असं माझं ठाम मत आहे.

पुराव्याच्या बाबतीतही असंच. मालकाला स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी असेल, तर घर गेल्याने भाडेकरूला जास्त त्रास होईल की न मिळाल्याने मालकाला, हे कोर्टाने तोलायचं असतं. हा त्रास कोण सांगणार? अंथरुणाला खिळलेली सासू कोणत्या खोलीत असते, मुलीची शाळा किती पावलांवर आहे, डब्याचा धंदा कोणत्या ओट्यावर चालतो, हे बाईलाच ठाऊक. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो तो पावतीवरचा माणूस, जो सकाळी सातला बाहेर पडतो आणि रात्री नऊला परततो. घर सहा महिने वापरात नव्हतं, या आरोपालाही उत्तर देतात ती विजेची बिलं, दूधवाल्याची वही आणि शेजारणींच्या साक्षी. वकिलाने घरातल्या बाईशी बोलायची सवय ठेवली, तर अशा दाव्यांचा निकाल बदलू शकतो. हा निव्वळ सहानुभूतीचा मुद्दा नाही, चांगल्या वकिलीचाही आहे.

नवऱ्याने सोडून दिलेल्या बाईची अवस्था सगळ्यात बिकट. भाडेकरू तो, घरात राहते ती. तो भाडं भरत नाही, दाव्याला हजर राहत नाही, कधी मालकाकडून रक्कम घेऊन खोली सोडून देतो. 1999च्या कायद्याने भाडेहक्क सोडताना पैसे घेणं वैध ठरवल्यापासून हा मार्ग आणखी सोपा झाला. 2005 मध्ये बी. पी. अचला आनंद यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, भाड्याच्या घरात मागे राहिलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या पत्नीला नवऱ्याच्या जागी उभं राहून ताब्याचा दावा लढवता येतो. घटस्फोट झाल्यावर मात्र, घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात तशी तरतूद नसेल, तर हा हक्क उरत नाही. खुद्द त्या अर्जदार बाईंना त्याचा लाभ मिळाला नाही. पुढच्याच वर्षी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा लागू झाला. सामायिक घराच्या व्याख्येत भाड्याचं घर आलं आणि न्यायदंडाधिकारी नवऱ्याला घरावरचा हक्क परस्पर सोडून देण्यापासून रोखू शकतात, असं कलम 19 मध्ये आलं. 2020 मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधीची अरुंद व्याख्या रद्द करून सामायिक घराचा अर्थ रुंद केला. भाडे कायदा लघुवाद न्यायालयात आणि हिंसाचाराचा कायदा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, अशी ही दोन दालनं. धोबीतलावच्या लघुवाद कोर्टात ताब्याचा दावा लढणाऱ्या वकिलाला दुसऱ्या दालनातला आदेश माहीत नसला, तर तो आदेश कागदावरच राहतो. या दोन दालनांत ये-जा करणाऱ्या वकिलांची मोठी उणीव आहे.

मालकाची बाजू मी विसरलेली नाही. दोन खोल्यांच्या भाड्यावर जगणारी विधवा हीही या शहरातली खरी बाई आहे. 1940च्या पातळीवर गोठलेल्या भाड्यांनी इमारती कोसळेपर्यंत दुरुस्ती झाली नाही आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही ती गोठवणूक अन्यायकारक वाटली. त्यातून 1999च्या कायद्यात वर्षाला 4 टक्के वाढीची सोय झाली. भाडेकरूला वकील देणं म्हणजे मालकाला लुबाडणं नव्हे. वेळेवर बोलणारा मध्यस्थ असेल तर थकबाकी हप्त्याने मिळते आणि मालकही वर्षानुवर्षांच्या तारखांतून सुटतो. मात्र लोकअदालतीतल्या तडजोडींबद्दल मला सावध करावंसं वाटतं. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. घाईने सही केलेल्या संमतीपत्राने घर गेल्यावर परतीचा रस्ता उरत नाही, आणि ती सही बहुधा घरातल्या बाईला न विचारता झालेली असते.

आज हा विषय तातडीचा का? 2011च्या जनगणनेत शहरी भारतातली सुमारे 27 टक्के कुटुंबं भाड्याने राहत होती. मुंबई-पुण्यात पुनर्विकासाने जुन्या चाळी पाडल्या जात आहेत. पागडीचं संरक्षण जाऊन अकरा महिन्यांचा करार हाच भाडेकरूचा आधार होत चालला आहे. झोपडपट्टीत भाड्याने राहणाऱ्या घरकामगार बाईकडे तर करारही नसतो. तोंडी बोलणं आणि रोख पैसे. तिला कुणी सांगितलेलं नसतं की करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरलं जातं. पाणी, वीज तोडणं बेकायदा आहे हे माहीत नसतं. कुलूप बदलून बाहेर काढलं, तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, हेही नाही.

जगात इतरत्र काय घडलं तेही आपल्याला उपयोगी आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या स्त्रिया लोकसंख्येच्या सुमारे 9 टक्के होत्या, पण घराबाहेर काढलेल्यांत सुमारे 30 टक्के, असं समाजशास्त्रज्ञ मॅथ्यू डेसमंड यांच्या अभ्यासात आढळलं. न्यूयॉर्कच्या हाउसिंग कोर्टात एके काळी भाडेकरूंपैकी शंभरात जेमतेम एकाकडे वकील असे. ब्रॉन्क्समधल्या भाडेकरूंनी, त्यांत बायका मोठ्या संख्येने, वकील मिळण्याची मागणी रेटली आणि 2017 मध्ये न्यूयॉर्क हे कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना वकील देण्याचा कायदा करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. वकील मिळालेल्यांपैकी सुमारे 84 टक्के लोक आपल्या घरात राहू शकले, असं शहराच्याच अहवालात आलं. दक्षिण आफ्रिकेच्या 1998च्या कायद्यानुसार कुणाला घराबाहेर काढण्याआधी वृद्ध, मुलं, अपंग आणि स्त्री कुटुंबप्रमुख असलेली घरं यांच्या गरजा कोर्टाला विचारात घ्याव्या लागतात. 2002च्या निकालाने ते संरक्षण मुदत संपलेल्या भाडेकरूंनाही लागू झालं. आपल्या भाडे कायद्यात असं वाक्य नाही. असायला हवं.

हे पुस्तक कायद्याचं मार्गदर्शक नाही, तसंच निव्वळ चळवळीची कहाणीही नाही. इथे लिहिणाऱ्यांत कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकील आहेत, परिविधी स्वयंसेविका आहेत आणि स्वतःचं घर वाचवता वाचवता शेजारणींचं घर वाचवायला शिकलेल्या बायका आहेत. नोटीस दारात येण्यापासून निकालापर्यंतच्या काळात बाई काय करते आणि कायद्याने तिला कुठे गाठायला हवं, या एकाच प्रश्नाभोवती हे लेखन फिरतं. संपादकांनी जिथे खटला हरला तिथली प्रकरणंही ठेवली, हे मला विशेष मोलाचं वाटतं. हरलेल्या दाव्यांतूनच दिवस कुठे निसटले ते दिसतं. पुस्तकाचा भर मुंबई, ठाणे आणि पुण्यावर आहे. एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुली, जिल्ह्याच्या गावी शिकायला आलेल्या विद्यार्थिनी आणि तृतीयपंथी भाडेकरू यांच्यावर अजून पुष्कळ लिहायला हवं.

वाचकांना एक विनंती. पुढचं पान उलटण्याआधी आपल्या घराचा करार किंवा भाडेपावती काढून त्यावर कुणाचं नाव आहे ते पाहा, आणि पुढच्या नूतनीकरणात घरातल्या बाईचंही नाव घालून घ्या. नोटीस आली असेल तर ती मिळाल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. तिथे जाणं जमत नसेल तर 15100 हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक आहे.